शुद्धलेखन केलेली अफवा

ती. बाबा,

तुम्हा दोघांना वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

कामाचं विचारलं होतंत. इंटरनेटवरच्या राजकीय अफवा कुठून निघतात आणि वाटेत कशा बदलतात, हे आम्ही शोधतो. कधी कुणी धमकी पाठवतं, पण ऑफिसला पहारा आहे. आईला हे सांगू नका.

गेल्या आठवड्यात एक अफवा तपासली. एक दुकानदार बाहेरची माणसं आणून खोटं मतदान करवतो, असा मजकूर होता. तो अशुद्ध होता तोवर फारसा फिरला नाही. मग कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पुढे पाठवला आणि तो गावभर झाला. जमावानं दुकान फोडलं. दुकानदार अजून दवाखान्यात आहे.

सुधारलेला मजकूर मी लगेच ओळखला. अफवा पसरली त्याच सकाळी तुम्ही तो घरच्या ग्रुपवर टाकला होतात, त्याआधी तो तसा सुधारलेला कुठेच नव्हता.

आमच्या प्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहवालात नाव येणार नाही. पण वडिलांशी तूच बोल."

फोनवर धीर होईना, म्हणून हे पत्र. शुद्धलेखनाची चूक दिसली की तुमचा हात थांबत नाही, मनात वाईट काही नव्हतं, हे मी जाणते. पण तुम्ही गावाचे मास्तर; मास्तरांनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार, असं लोक धरून चालतात. म्हणून जिथे जिथे ते पाठवलंत तिथे तुमच्या नावानं लिहा, की ते खोटं होतं.

माझ्यावर रागावलात तरी चालेल, अबोला मात्र धरू नका.

तुमची,
धाकटी