पाटल्यांच्या नक्षीतलं काळं

प्रिय ओवी,

बोगद्यावरचा तुझा फोटो मिळाला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, बुटांवर चिखल, आणि मागची सगळी माणसं तू बोट दाखवते आहेस तिकडे बघताहेत. तो मी स्टाफरूममध्ये दाखवला, मग शाळेच्या शिपायाला, आणि येताना कुसगावच्या वाण्यालाही. वाण्याने विचारलं, पोरगी काय करते तिकडे हिमाचलात? म्हटलं, डोंगर पोखरते. साबण घ्यायला गेले होते, तो विसरून तशीच घरी आले. तुझे बाबा खंडाळ्याच्या घाटात रुळांवरून चालत बोगद्यांच्या भिंती तपासायचे. हातातल्या काठीने दगडावर ठोकून, आवाज ऐकून सांगायचे की हा धरून आहे, हा सुटणार. तू आता यंत्रांनी तेच करतेस. त्यांनी हा फोटो पाकिटात ठेवला असता आणि घाटातल्या रेल्वे कामगारांच्या प्रत्येक गँगला दाखवला असता.

दिवाळीत तू आली होतीस तेव्हा आपलं एक बोलणं अर्धं राहिलं. तू म्हणालीस, लग्नात मला पहिली हळद आईच लावणार, नाहीतर मला हळदच नको. मी उठले, कपाटातून चांदीच्या पाटल्यांचा डबा काढला आणि तुझ्यापुढे ठेवून म्हटलं, या पाटल्या तू घेऊन जा, मला आता काय करायच्यात. तू तो उघडूनही बघितला नाहीस. म्हणालीस, डब्यातल्या नकोत, हातातल्या देणार असशील तर दे. त्यावर मी काय केलं? चांदी काळी का पडते ते सांगत बसले. तू हसलीस आणि चहा टाकायला गेलीस. गौरवच्या घरच्यांची काही हरकत नाही हे तू आधीच सांगितलं होतंस. हरकत कुठे आहे हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. पहिली हळद सवाष्णींची, आणि आजीच्या वडिवळ्याची भावकी ते सोडणार नाही. शिवाय खरं सांगायचं तर भावकीच्याही आधी मीच मला सोडत नव्हते.

आधी चांदीचं पूर्ण करते, धडा अर्धा टाकायची सवय नाही. चांदी लोखंडासारखी गंजत नाही. हवेत गंधकाचा अगदी थोडा अंश असतो, त्याच्याशी तिचा संयोग होतो आणि वर काळा थर धरतो. दमट हवेत तो लवकर धरतो, आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात धुकं घरात येऊन बसतं, उशासुद्धा दमट लागतात. अंडी, कांदा, लोकर, रबर, या सगळ्यांत गंधक असतं. म्हणून चांदी कधी लोकरीत गुंडाळू नये आणि तिला रबर तर मुळीच लावू नये.

हे सांगायचं कारण तुला माहीत नाही. बाबा गेले त्यानंतर दहाव्या दिवशी भावकीतल्या बायकांनी माझा चुडा उतरवला, जोडवी काढली. पाटल्यांना मात्र तुझ्या आजीने कुणाला हात लावू दिला नाही. त्या त्यांच्याच, माझ्या लग्नात त्यांनी आपल्या हातातून काढून माझ्या हातात घातलेल्या. त्या दिवशी त्यांनीच त्या उतरवल्या. मग बाबांच्या करड्या स्वेटरची एक बाही कापली, पाटल्या तिच्यात गुंडाळल्या, वर रबर लावलं आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, ओवी. चांदीसाठी याहून वाईट अंथरूण शोधून सापडायचं नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण ती बाही होती. मी ती तशीच डब्यात घालून कपाटात ठेवली.

गेल्या शनिवारी ती उघडली. रबर वितळून चिकटलं होतं आणि त्याच्या खाली चांदीवर काजळाची रेघ ओढावी तसा पट्टा उमटला होता. शेजारच्या इंदिराताई म्हणाल्या, रांगोळीने घासा, मिनिटात लख्ख. तसं कधी करू नकोस. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. तुझ्या आजोळचा चांदीचा करंडा माझ्या आईने दर दिवाळीला रांगोळीने घासला, आता त्याच्यावरची वेल बोटालाही लागत नाही. टूथपेस्टही नको. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची, चांदी तिला टेकेल अशी ठेवायची, वर खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाकून कढत पाणी ओतायचं. अंडं नासल्यासारखा वास येतो, घाबरायचं नाही, ते गंधक सुटतंय. घासण्याने चांदी झिजते, याने नुसता काळेपणा जातो. खड्यांच्या दागिन्यांना मात्र हे चालत नाही. आणि नक्षी असेल तर लवकर बाहेर काढायचं. खोलगट भागातलं काळं राहू द्यायचं, ते गेलं तर वेल दिसतच नाही, नुसता सपाट पत्रा उरतो. मग रिठ्याच्या पाण्यात धुवायचं आणि मऊ सुती कापडाने टिपायचं.

टिपून झाल्यावर, पूर्ण वाळल्या का बघावं म्हणून मी त्या हातात घातल्या. पुन्हा काढल्या नाहीत.

रविवारी वडिवळ्याला आजीच्या ओटीवर बायका जमणार होत्या, हळदीचं ठरवायला. कामशेतहून जीपमध्ये बसले तेव्हा पदराने मनगटं झाकली होती. नाणे मावळात शिरल्यावर पदर सोडला. लाज वाटेल असं वाटलं होतं. पण भाताचं खाचर दिसायला लागलं, धरणाचं पाणी दिसलं, आणि वाटलं, या हातांनी नोकरी केली, आजारी माणसाचं केलं, डोंगर पोखरणारी मुलगी वाढवली. हे हात मी कुणापासून झाकते आहे?

ओटीवर रतनकाकू बोटांवर सवाष्णी मोजत होत्या. माझ्या चुलतसासू, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं आणि मोजणं थांबलं. एकीने सुपारीच फोडायला घेतली, तेवढाच आवाज. मग आजी खांबाला धरून उठल्या. मला वाटलं, संपलं. त्यांनी माझं मनगट धरलं, दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि पाटली फिरवून फिरवून बघितली. तुला माहीत आहे, त्यांना आता जवळचंच नीट दिसतं.

“घासल्यात बऱ्या,” त्या म्हणाल्या, “पर नक्षीत काळं ऱ्हायलंय.”

मी सांगितलं, आत्याबाई, ते मुद्दाम ठेवलंय.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मनगट सोडलं नाही. मग तशाच रतनकाकूंकडे वळल्या. “रतन, मोजायचं तर हिच्यापासनं मोज. पोर हिची हाय.”

रतनकाकूंनी मोजलेली बोटं उघडली, आणि नेहमीच्या खवचटपणाने म्हणाल्या की मास्तरीणबाई आधीच तयारीने आल्यात, आमी कोण सांगणार. बायका हसल्या. मग त्यांनी अंगठा दुमडला आणि म्हणाल्या, “निर्मला, एक.”

तर ओवी, सोबतच्या पार्सलमध्ये तुला धुतलेलं मलमलचं फडकं सापडेल आणि दोन खडूचे तुकडे. खडू डब्यात ठेवायचे, ते ओल शोषतात. पाटल्या शोधू नकोस, त्या मी पाठवलेल्या नाहीत. त्या माझ्या हातात आहेत, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. तुला पहिली हळद मी लावीन, दुसरी आजी. मग तिथेच, सगळ्यांसमोर, ओल्या हातांनी या पाटल्या काढून तुझ्या हातात घालीन. नक्षीत हळद अडकलेली असेल. रिठ्याने लगेच धुऊ नकोस, काही दिवस राहू दे.

हळदीला हात घालायला निघालेली,
तुझीच आई