घरातला प्रश्न

बाई, मानवी हक्कांवर देशोदेशीचे लोक एवढं भांडले, त्याचा आपल्याला काय उपयोग झाला, असं आज वर्गात एका मुलीने मला विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. घरी आल्यापासून मात्र मनातल्या मनात तुमच्याशीच, माझ्या शाळेतल्या बाईंशी, बोलते आहे आणि तेच इथं लिहून काढते आहे.

कोल्हापूर संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मी मॅट्रिकच्या वर्गात होते. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय लोकांना तिथलं सरकार माणसासारखं वागवत नाही, अशी तक्रार आपल्या देशाने संयुक्त राष्ट्रसंघात नेली होती. वर्तमानपत्रात त्याबद्दल येईल ते तुम्ही आम्हाला वाचून दाखवायचात. एकदा तुम्ही वर्गातच राष्ट्रसंघ भरवलात. भारताच्या बाजूने बोलायला सगळ्यांचे हात वर, आणि आफ्रिकेच्या सरकारची बाजू तुम्ही नेमकी मला दिलीत. मी रडकुंडीला आले. "मी त्यांच्या बाजूनं कशी बोलू, बाई?" तुम्ही म्हणालात, "ते काय म्हणतात हेच नीट कळलं नाही, तर उत्तर काय देशील?" मग मी उभी राहिले आणि बोलले: ही माणसं आमच्या देशात राहतात, आमच्या कायद्याखाली राहतात, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये. समोरच्या मुलींना उत्तर सुचेना. तुम्हीही सांगितलं नाहीत. "विचार करा," म्हणालात आणि तास संपवलात.

त्याच हिवाळ्यात नेसरीहून मला बघायला पावणे आले, पसंती झाली आणि परीक्षेच्या आधीचीच तिथी धरली. माझी शाळा बंद झाली. चार दिवस वाट बघून तुम्ही आमच्या घरी आलात. अजून दिसतं मला. वडील बाहेर सोप्यात गुळाच्या व्यापाऱ्यांशी बोलत बसलेत, आणि तुम्ही तिथं न थांबता सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्या आईशेजारी, अव्वाशेजारी, पाटावर बसता. अव्वाचं सगळं बोलणं कानडीत, मराठी अडीअडचणीपुरतं. ती तुमच्यापुढे ताकाचा तांब्या ठेवते. वडील आत येतात. तुम्ही म्हणता, परीक्षेपर्यंत थांबा. वडील शांतपणे म्हणतात, "बाई, तुमचा मान हाय. पर ह्यो आमच्या घरातला प्रश्न हाय."

माझंच वाक्य. माझी मान खाली गेली. तुम्ही मात्र माझ्याकडे बघितलंही नाहीत. "घर तुमचंच आहे," तुम्ही म्हणालात, "पण ही याच घरातली ना? मग तिला विचारलंत का?" आणि माझ्याकडे वळून, वर्गात विचारावं तसं, "तुझं काय म्हणणं आहे?" आमच्या घरात तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. "मला परीक्षेला बसायचंय," मी म्हणाले. चुलीकडे तोंड करून अव्वाच, तुम्हाला कळावं म्हणून मराठीत, म्हणाली, "बसू दे की. लगीन काय पळून जातंय व्हय?"

वडिलांनी तिथी पुढे ढकलली, तशी नेसरीकरांनी दुसरी मुलगी बघितली. मी पास झाले, पुढे शिकायला पुण्याला गेले. तिथं असतानाच तुम्ही आजारी पडलात, तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यात नेलं, आणि मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं. नंतर भाषावार प्रांतांचा वाद पेटला. नोकरीच्या ठिकाणी लोक विचारायचे, घरी कानडी बोलता, मग तुम्ही नक्की कुठल्या? मी कधी हसून वेळ मारून नेली, कधी भांडले. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, बाई असत्या तर मला उभं करून समोरच्यांची बाजू मांडायला लावली असती, आणि मग माझं मलाच काहीतरी सापडलं असतं. अजूनही एखाद्या वादात अडकले की तुम्हाला विचारायचं म्हणून मन आधी शाळेच्या रस्त्याला लागतं, आणि तुम्ही नाही हे मागून आठवतं.

हे लिहिलेलं मी कुणाला वाचून दाखवणार नाही. अव्वाला जाऊन बरीच वर्षं झाली. ती माझ्यासाठी बोलली, आयुष्यभर राबली, आणि तिची आठवण मला सणासुदीला येते. तुमची रोज येते. हे मी घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.