खिचडीच्या ओळीत दीपमाला

२१ जुलै
एका संस्थेची माणसं शाळेत येऊन गेली. मुलांना मिळूनमिसळून राहायला शिकवायचं आणि पडलेला फरक मोजायचा! प्रश्न एकच – खिचडी खायला कुणाशेजारी बसशील? चौथीच्या प्रत्येकाने माझ्या कानात नाव सांगायचं.

दीपमालाचं नाव एकानेही घेतलं नाही. प्रभू तर मोठ्यानेच म्हणाला, "तिचा मेंढरांचा वास येतो, बाई." ती समोरच होती. तिचा बाप नामाजी खतासाठी यांच्याच रानात मेंढरं बसवतो, तेव्हा नाही येत वास! तिची पाळी आली तेव्हा तिने प्रभूचं नाव सांगितलं. फार वाईट वाटलं.

५ ऑगस्ट
गोल करून एकमेकांचं कौतुक करायचा खेळ घेतला. दीपमालाच्या वेळी सगळे छपराच्या पत्र्याकडे बघायला लागले. शेवटी मीच काहीतरी बोलले.

१८ नोव्हेंबर
खेळ झाले, गोष्टी झाल्या, नाटुकली झाली. माझ्यासमोर शहाण्यासारखं वागतात. खिचडीच्या ओळीत मात्र तिच्या दोन्ही बाजू रिकाम्या. पालथ्या घड्यावर पाणी.

९ जानेवारी
केंद्रप्रमुख देविदास सर भर वर्गात म्हणाले, मोजणीत फरक दिसला नाही तर वर्षभर काय केलं याचा खुलासा द्या. पोरांसमोर! डोळे भरून आले. फळा पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

१९ जानेवारी
दुसरी मोजणी. पहिला प्रभू. कानात म्हणाला – दीपमाला! मग पुढचा, त्याच्या पुढची... सगळेच! माझा विश्वास बसेना. देविदास सर खूश, आपली शाळा नमुना म्हणून दाखवू म्हणाले. घरी येऊन मी चक्क शिरा केला.

२० जानेवारी
आज मुद्दाम ओळीपाशी जाऊन उभी राहिले. तिच्या दोन्ही बाजू रिकाम्याच. मग काल नावं का घेतली? वर्गात विचारलं, तर सगळ्यांनी पुस्तकांत डोकी खुपसली. मी खूप रागावले. माझंच मला कळेना, राग कुणाचा आलाय.

२१ जानेवारी
शाळा सुटल्यावर दीपमाला मागे थांबली. म्हणाली, "त्यायला रागावू नका, बाई. म्याच सांगितलं व्हतं, माझं नाव घ्या म्हणून. बोरं दिली सगळ्यायला. तुमी त्या दिशी फळ्याकडं तोंड करून रडून राहिल्या व्हत्या."