चिंचेवरची वटवाघळं

बाबा, जाम नदीकाठची मोठी चिंच कालपासून रिकामी आहे. वटवाघळं गेली. दरवर्षीच जातात, त्यात नवल नाही. पण सकाळी त्यांची कलकल ऐकू आली नाही की घरात दुसरं कुणी नाही हे मला फारच जाणवतं. मग मी उगाच भांडी आपटत बसते.

नागपूरच्या कचेरीतून तुम्ही शनिवारी पांढुर्ण्याला यायचात आणि मला त्या झाडाखाली न्यायचात. वटवाघूळ म्हणजे पक्षी नव्हे, पिलाला दूध पाजणारा जीव, हे मला तिथंच कळलं. आई मला आठवतही नव्हती, म्हणून असेल, मी लगेच विचारलं होतं, "जातानी पिलाईले टाकून जातेत का हे?"

"तान्हं असलं त छातीले धरून नेते," तुम्ही म्हणालात. "थोडं मोठं झालं की झाडाले टांगून चारा शोधाले जाते. पण परत येऊन एवढ्या गर्दीत आपलंच पिलू बरोबर ओयखते."

पुढं राज्यांची वाटणी झाली. नागपूर एकीकडं, आपण दुसरीकडं, आणि तुमची कचेरी भोपाळला. "तिकडं सारं हिंदी. तुही शाळा बुडंन. आत्याजवळ राय, मोहाची फुलं पडली की मी येतोच," असं म्हणून तुम्ही गाडीत बसलात. मी रडले नाही. मी थोडी मोठी झालेली होते ना! तुमचा फार राग आला होता मला, आणि त्या रागाला घरात कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

पहिली काही वर्षं तुम्ही आलात. मग सलग दोनदा मोह पडून गेला, तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या वर्षी तुमची येतो म्हणून तार आली. मी आत्याचं लुगडं पहिल्यांदाच नेसले आणि एकटी स्टेशनवर गेले. तुम्ही उतरलात, डोक्यावरचे केस पांढरे झालेले. माझ्याकडं पाहिलंत, वाट द्यावी तसे जरा बाजूला झालात आणि पुढं निघून गेलात.

घरापर्यंत मी तुमच्या मागं मागं चालत आले. बाजारात तुम्ही माझ्यासाठी रिबिनी घेतल्यात, लाल, तेही मी मागं उभी राहून पाहिलं. दारात तुम्ही आत्याला विचारलंत, "पोरगी कुठं हाये?"

आत्या म्हणाली, "तुह्या मागंच त उभी हाये."

तुम्ही वळलात. आधी माझ्या लुगड्याकडं, मग हातातल्या रिबिनींकडं पाहिलंत. मग हसून म्हणालात, "मले माईत होतं."

रिबिनी कधी वापरल्या नाहीत; त्या वयाची मी उरलेच नव्हते. आता तुमच्याहून म्हातारी झाले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. आत्यालाही मी कधी सांगितलं नाही की स्टेशनवर काय झालं. विचारलं त्या प्रत्येकाला मी हेच सांगत आले, की बाबांनी मला लांबूनच ओळखलं.