भिंगरीचे उंच चेंडू

६ मे

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. शिबिर सुरू झालं तेव्हाच कागद घेऊन बसलो होतो, पण हात सवयीने ‘ती. सौ.’ लिहून गेला. तो कागद फाडला आणि मग दुसरा घ्यायचा धीरच होईना. रोज म्हणायचं, उद्या लिहू. आता नुसतं ‘ती. वहिनींस’ लिहिलंय, चालवून घ्या.

भिंगरी बरी आहे. जेवते, झोपते, मी घोरतो म्हणून माझ्यावर डाफरते. क्लबाने आम्हाला दादाचीच खोली दिलीय, कोर्टामागची. दोन खाटा, एक खिडकी आणि कोपऱ्यात जुन्या चेंडूंचं पिंप. सगळीकडे रबराचा वास. क्लबवाले म्हणाले, दादाच्या हाताखाली शिकलेलं दुसरं कोणी सापडलं नाही, म्हणून यंदा मुलांचं टेनिसचं शिबिर तुम्हीच सांभाळा. बघा, काय दिवस आले. मुलांनी विचारलं, सर तुम्ही कुठल्या स्पर्धा जिंकलात. मी खरं ते सांगितलं, की मी आधी तंबू भाड्याने देणाऱ्याकडे होतो, मग बोटीवर तिकिटं फाडली. त्या बोटीचा कप्तान म्हणजे एक वल्ली होता, पाण्याला घाबरायचा. असो, ते पुन्हा कधीतरी. तेव्हापासून मुलं मला ‘तंबूसर’ म्हणतात.

मला येतं ते सगळं दादाचं. तेच त्याच्या शब्दांत शिकवतो. चेंडू मारून झाला की आपल्याच फटक्याचं कौतुक करत उभं राहायचं नाही, मधोमध परत यायचं. समोरच्याची कच्ची बाजू आधी हेरायची आणि तिथेच छळायचं. एकाच कोपऱ्यात मारत राहायचं, आणि गडी तिथे मुक्कामाला गेला की दुसरा कोपरा दाखवायचा. पेचात सापडलात, तर चेंडू उंच आभाळात टाकायचा. तो खाली येईपर्यंत दम घेता येतो, जागेवर येता येतं.

आता काळजीची गोष्ट. भिंगरी एवढं शेवटचंच खेळते. पेच असो नसो, प्रत्येक चेंडू उंच. काल समोरचा मुलगा घसरून पडला, अख्खं कोर्ट मोकळं, आणि हिने चेंडू असा वर टाकला की त्याने उठावं, चड्डी झटकावी आणि आरामात परत मारावा. मुलं वैतागलीत. कोर्टभर गरगरत फिरायची म्हणून दादाने ज्या लेकीला भिंगरी नाव दिलं, ती हीच का असं वाटतं. जिंकायचं नाही का, असं विचारलं तर म्हणाली, खेळतेय ना मी.

वेळेवर जेवत जा. रागावलात तरी लोभ आहे तेवढा राहू द्या.

तुमचा,
धाकटा

११ मे

चि. भावोजी यांस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मला ‘वहिनी’ ही पदवी पुरे आहे, तीही तुमच्यासारखा दीर सांभाळून मिळवलेली. तेव्हा कागद फाडत बसू नका.

मी बरी आहे. दुकानात दिवस निघून जातो. चष्म्याची काच घासायला घेतली की दुसरं काही दिसत नाही, हे एक त्या कामाचं बरं आहे. घरी आल्यावर मात्र दाराला कडी घालायची राहून जाते. कोणीतरी मागून यायचं आहे, असंच हाताला वाटतं. शेजारीण दोनदा ओरडून गेली.

भिंगरीचं वाचून जिवाला घोर लागला. तिला पाठवायला माझा नकारच होता. पण तिने दोन दिवस अन्न सोडलं, मग मी काय करणार. तिला सामने नका खेळायला लावू. शेवटच्या दिवशीच्या सामन्यात तर उभीच करू नका, सरळ घेऊन या. मला तिकडे बोलावू मात्र नका. त्या कोर्टांवर मी आता पाय ठेवायची नाही. रस्त्यात कुठे चेंडू आपटल्याचा आवाज आला तरी मी दुसऱ्या गल्लीने जाते.

तुमचे मोजे फाटले असतील, तेही आणा. तब्येतीला जपा आणि आमच्यावर माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
वहिनी

१५ मे

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मोजे नाहीतच, फाटणार कुठून. एक कुत्र्याने पळवला, दुसरा मी रागाने त्यालाच देऊन टाकला.

हे मी उगाच लिहितोय, कारण खरं लिहायचंय ते लिहवत नाही. ते असं.

काल भिंगरीच्या रॅकेटला नव्या तारा ओवत बसलो होतो. ती शेजारी पायरीवर. मी सहज विचारलं, की दादाने तुला एवढे डाव शिकवले, ते सगळे विसरलीस का. तर म्हणाली, विसरले नाही. मग गणित समजावून सांगावं तसं तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी स्पर्धेत ती खेळत होती, तेव्हा मामा येऊन कुंपणापाशी उभा राहिला. प्रत्येक गुणाला टाळ्या वाजवत होता. तिला वाटलं, मामा आपला खेळ बघायला आलाय. मग तिला घाईच झाली. दवाखान्यात जाऊन बाबांना सांगायचं होतं ना. दादाने शिकवलेलं सगळं तिने त्या दिवशी वापरलं आणि सामना चुटकीसरशी संपवला. बाहेर आली, तर मामाने हात धरला आणि सांगितलं.

पुढचं तिच्याच शब्दांत लिहितो. ती म्हणाली, मी हळू खेळले असते तर मामाला टाळ्या वाजवत राहावं लागलं असतं. मामा सांगेपर्यंत बाबा होतेच ना.

एवढं म्हणून तिने तारा बोटाने वाजवून बघितल्या आणि म्हणाली, जरा सैल झाल्यात.

वहिनी, मी गावोगाव भटकलो, बोलघेवडा म्हणून सगळीकडे नाव काढलं, पण काल मान खाली घालून त्या तारा पुन्हा ताणत बसलो. मी पोचलो तेव्हा तर सगळं आटोपलं होतं. तिला थांबवून ठेवायचं कोणी ठरवलं, तेही मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क नाही, तरी विचारतो. कारण पोर समजतेय की सामना संपवला म्हणून बाबा गेले.

शेवटच्या सामन्यातून तिला काढावं म्हटलं, पण ती आपसूक तिथवर पोचलीय. समोरची मुलं कंटाळून चुका करतात.

चुकलं असेल ते पोटात घाला.

तुमचा,
धाकटा

२० मे

चि. भावोजी यांस,
अ. उ. आ.

विचारलंत ते बरं केलंत. इतके दिवस कोणीच विचारलं नाही.

थांबवायचं तुमच्या दादानेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी भावाला भिंगरीला आणायला पाठवत होते, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, पोरीला खेळातून उठवायचं नाही, सामना होऊ दे, मग आण, मी कुठे जातोय. शिबिरातल्या पोरांना ‘घाई नको’ म्हणायचे ना, अगदी त्याच सुरात. आणि मी ऐकलं. आयुष्यभर त्यांच्या खेळाची वेळ सांभाळली, तशी तेव्हाही सांभाळली. भाऊ तिकडे टाळ्या वाजवत होता, तेव्हा इकडे ते गेले, ते मी त्याला फोनवर कळवलं. जाताना दाराकडे बघत होते.

भिंगरीला हे सांगितलं नाही. वाटलं, ती बाबांवर रुसेल. रुसायला माणूस समोर लागतो, भावोजी. म्हटलं, त्यापेक्षा माझ्यावर रुसू दे, मी आहे इथे. ती रुसलीही नाही, तेव्हा बरं वाटलं होतं मला. ती हे सगळं स्वतःवर घेऊन बसली असेल, असं मनात आलंच नाही.

तुम्हीच सांगा तिला. तुमचं ती ऐकते. मला ते तोंडाने म्हणता यायचं नाही, आणि तिथे येऊन तर नाहीच. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची,
वहिनी

२५ मे

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

कोर्टाच्या बाजूच्या बाकावर बसून लिहितोय. पंच म्हणून दुसरे सर बसलेत. सामना सुरू होऊन बराच वेळ झाला, आणि भिंगरी खेळतेय म्हणजे मला पत्राला वेळच वेळ आहे. मागे कोणाची तरी आजी चक्क डुलक्या काढतेय.

तुम्ही सांगितलंत ते माझ्याकडून झालं नाही. पायरीवर बसून सुरुवात केली आणि बोलता बोलता बोटीच्या कप्तानावर गेलो. ती हसली, मी सुटलो. पुन्हा एकदा तिच्या वेण्या घालताना विषय काढला, तर वेणीच वाकडी झाली. पण खरं कारण माझा पळपुटेपणा नाही, निदान सगळा नाही. वहिनी, दादाने तुमचं मनगट धरलं होतं. ते मनगट तुमचं आहे. मी सांगितलं तर ती गोष्ट होईल, आणि माझ्या गोष्टी खऱ्या नसतात हे ती जाणून आहे.

सकाळी तिने विचारलं, की अंधार पडला तर सामना उद्यावर नेतात का. मी हो म्हणालो. तेव्हापासून तिचा चेहरा जरा उजळलाय. मला मात्र तो बघवत नाही. समोरची मुलगी उंच आहे, डावखुरी, चांगली खेळते, पण आता तिचेही हात गळालेत. भिंगरीला एकच गुण हवाय. कितीतरी वेळ तेवढा एकच हवाय.

थांबा, फाटकातून कोणी येतंय. ऊन डोळ्यावर आहे, नीट दिसत नाही. अंगावर दुकानात घालतात तसला निळा झगा, हातात पिशवीसुद्धा नाही.

वहिनी, तुम्ही आहात.

भिंगरीनेही पाहिलं. तिने आत्ता चेंडू टाकला तो इतका उंच, की पंचांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. मला वाटलं, तुम्ही कुंपणापाशी थांबाल. तुम्ही कडी काढून सरळ कोर्टावर आलात. पंच हात वर करून काही म्हणतायत, तुमचं लक्ष नाही. चेंडू पडला, उसळला, कोणी मारला नाही. भिंगरी एकेक पाऊल मागे सरकतेय, पार मागच्या कुंपणाला टेकलीय. तुम्ही जाळीच्या खांबाला वळसा घालून तिच्यापुढे गुडघे टेकून बसलात.

तुम्ही बोलताय. इथून ऐकू येत नाही. सामना अजून संपलेला नाही.