फक्त फायली ठेवा

शनिवार, १ तारीख

पोचलो एकदाचे! सामान पोचलं, भिंगरी पोचली, मीही पोचले. फक्त माझी कंबर अजून टेम्पोतच आहे. भिंगरी म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. पाय एका जागी म्हणून ठरत नाहीत. हा गुण तिने आईकडून उचललाय असं तिचा मामा म्हणतो. म्हणू दे.

नोकरी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, आणि राहायला तिच्याच मागे दोन खोल्या. लोक बियाण्याच्या पुड्या पाठवतात. इथे ओल्या टीपकागदावर शंभर दाणे मांडायचे, सातव्या दिवशी किती उगवले ते मोजायचं, अहवाल टाइप करून सहीला द्यायचा. माणसं तीनच: साहेब, मोजणीच्या ताई आणि टायपिस्ट काकू. तिघांचे तीन कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात चौथा, पाहुण्यांसाठी ठेवलेला, धूळ खात पडलेला. ही चार यंत्रं धड चालवणं एवढंच माझं काम. आधीच्या ऑफिसात साठ होती! मला तर लॉटरी लागल्यासारखं झालंय.

काकूंनी भिंगरीला चौथ्यावर चित्र काढायला बसवलं. तिने पाच पायांचं मांजर काढलं. पाचवा कशाला विचारलं तर म्हणाली, एक दमला तर लागेल. काकूंनी उचलून तिचा गालगुच्चाच घेतला. काकूंचा मुलगा परगावी असतो, रोज अकराला फोन करतो, आणि तो येईपर्यंत काकू धड एक ओळ टाइप करत नाहीत, असं ताईंनी माझ्या कानात सांगितलं. स्वतः ताई अंकुरांशी बोलतात, ते मात्र सांगितलं नाही. मी ऐकलं. माणसं झकास आहेत.

रविवार, २ तारीख

आज सुट्टी साधून चारही यंत्रांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. जुनीला कंपनी आता विचारत नाही, तेव्हा आल्या आल्या हे काम उरका, असं साहेबांनी बजावलं होतं. क्रमाने घेतलं: काकू, ताई, साहेब, शेवटी कोपऱ्यातला.

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला. काय ठेवायचं? फायली आणि प्रोग्रॅम, फक्त फायली, काहीच नाही. पहिला पर्याय करडा झालेला, दाबला जाईना. जुन्याशी जुळणारी आवृत्ती शोधली असती तर जमलं असतं, पण त्यात गेला असता अर्धा दिवस, आणि धीर नावाची वस्तू आमच्या घरात नाहीच. म्हटलं, प्रोग्रॅमचं काय, उद्या परत टाकू. फायली राहिल्या म्हणजे झालं. चारही ठिकाणी दुसरा पर्याय निवडला.

नवी सिस्टिम जुनीला दहा दिवस एका फोल्डरात सांभाळून ठेवते, पस्तावलात तर मागे जायला. पण तिघांच्या यंत्रांत तीळ ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिथली ती फोल्डरं पुसून टाकली. चौथ्यात जागा होती, तिथलं राहू दिलं. दुपारी तीनला सगळं चकाचक! भिंगरी टेबलाखाली बोगदा करून खेळत होती, तिच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या.

सोमवार, ३ तारीख

टाळ्या परत कराव्या लागणार. लिहायचा प्रोग्रॅम गायब, तक्त्यांचा गायब. हे होणारच होतं, पण परत टाकायला गेले तर यंत्र म्हणतं, हा प्रोग्रॅम आधीच आहे. कुठे आहे बाबा? यादीत नाव आहे, फोल्डर रिकामं. दुरुस्ती चालवली, दुरुस्ती यशस्वी झाली म्हणे, आणि फरक शून्य. काढूनच टाकावा म्हटलं तर सांगतं, असा प्रोग्रॅम इथे नाहीच. टाकायला जावं तर आहे, काढायला जावं तर नाही. माझा नवराही असाच होता, म्हणून तर आम्ही दोघीच राहतो.

अहवाल मात्र एकूण एक शाबूत. फक्त फायलींच्या नावाशेजारच्या छोट्या चित्रांच्या जागी कोरे पांढरे कागद, आणि उघडायला गेलं की प्रश्न: ही फाइल कशाने उघडू? साहेब दिवसभर येरझाऱ्या घालत होते. पेरणी तोंडावर आहे, बावन्न अहवाल अडलेत. चौथ्या यंत्रावर मी माझं स्वतःचं खातं उघडलं आणि तिथून जगभरचे उपाय शोधत बसले. डोकं भणभणतंय. उद्या करतेच.

मंगळवार, ४ तारीख

नाही झालं. कंपनीच्या मदतवाल्याशी दोन तास बोलले. बंद करून चालू करा, हे त्याने सात वेळा सांगितलं. सातव्या वेळी मी त्यालाच बंद केलं.

पण आज दुसरंच काहीतरी झालं आणि ते मनातून जात नाहीये. अकराला काकूंचा फोन वाजला आणि वाजतच राहिला. काकू शेजारी बसलेल्या. मी म्हटलं, अहो, मुलाचा फोन. त्या म्हणाल्या हो, त्याचाच नंबर आहे, आणि तशाच बसून राहिल्या. मी फोन उचलून हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला, थोडं ऐकलं, टेबलावर ठेवून दिला. आतून तो आई, आई करत होता.

मला वाटलं भांडण झालं असेल. विचारलं तर त्यांनी घडाघडा सांगितलं: त्याची जन्मतारीख, जन्मवेळेचं वजन, पहिला दात कुठला पडला, आता कुठल्या गल्लीत राहतो. एक शब्द चुकला नाही. मग अगदी शांतपणे मला म्हणाल्या की हे सगळं आहे माझ्याकडे, पण याचं पुढे काय करायचं असतं ते काही समजत नाही.

मी पाणी आणून दिलं. दुसरं काय करणार? साहेबांनी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं.

बुधवार, ५ तारीख

डॉक्टर म्हणतात, स्मरणशक्ती उत्तम. विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर. रक्तदाब तर माझ्यापेक्षा चांगला. थोडी विश्रांती घ्या, म्हणाले.

आज ताई. सकाळपासून एकच तबक मोजतायत. सत्त्याऐंशी उगवले, तेरा नाहीत. बरोबर आहे, मी मोजून पाहिलं. मोजून झालं की परत पहिल्या दाण्यापासून. टीपकागद सुकला, अंकुर माना टाकायला लागले, पाण्याचा तांब्या हाताशी होता. मी म्हटलं ताई, पाणी घाला. त्यांनी घातलं. एक थेंब जास्त नाही, कमी नाही. अंकुरांशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, रुसलात का त्यांच्यावर? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे त्यांचेच होते, पण बघायला आत कुणी नव्हतं.

मी तांब्या घेऊन सगळ्या तबकांना पाणी घातलं आणि वेड्यासारखी अंकुरांशी बोलत सुटले. कुणीतरी बोलायला हवं ना.

गुरुवार, ६ तारीख

साहेबही.

सगळे नियम कलमांसकट म्हणून दाखवतात. पेन हातात, अहवाल समोर — हाताने लिहिलेला, मीच लिहिला रात्रभर जागून — आणि सही करत नाहीत. सही कशी असते ते कागदावर काढून दाखवली. मग तो कागद बाजूला ठेवला.

त्यांना घरी पाठवलं आणि मी तिथेच फरशीवर बसले. काकू, ताई, साहेब. याच क्रमाने मी नवी सिस्टिम टाकली होती. रोज एक. फायली राहिल्यात सगळ्यांच्या. उघडणारं जे काही आत असतं, ते —

मी ठेवलं नाही. धीर नव्हता म्हणून. आणि मागे जायची वाट होती तीही पुसून टाकली, जागा कमी म्हणून! काकूंचा मुलगा आज तीन वेळा फोन करून रडला. मी त्याला काय सांगू?

आता चौथं यंत्र. त्यावर मीच बसते. म्हणजे उद्या मी.

दादाला फोन केला. म्हटलं लगेच नीघ, मला काही झालं तर भिंगरीला घेऊन जा. तो ओरडला, शुद्धीवर आहेस का म्हणाला. पण निघतोय. शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचेल. माझं जाऊ दे. लेकीकडे बघून मला काहीच वाटलं नाही तर? तिला ते कळेल. पोरांना लगेच कळतं.

शुक्रवार, ७ तारीख

सकाळी डोळे मिट्टच ठेवले. मग एक उघडून भिंगरीकडे पाहिलं. उचलून घ्यावंसं वाटलं, रोज वाटतं तसंच. सुटले! देवा, सुटले! एकटीच हसत बसले.

ती उठेना. जागी होती. सरळ पडून छताकडे बघत होती. ऊठ म्हटलं, उठली. उभी केली तिथे उभी राहिली. पाय — हलत नव्हते.

मी कोण विचारलं. आई म्हणाली. माझा फोन नंबर सांगितला. मांजर विचारलं. पाच पाय, म्हणाली. पाचवा कशाला? ते माहीत नाही, म्हणाली.

कवटाळली. तिचे हात लोंबत राहिले. उंबऱ्याला अडखळून पडली, गुडघा फुटला, रक्त आलं. रडली नाही. बघत राहिली त्याच्याकडे. रड ना गं. मार मला, पण रड.

चौथ्यावर आधी ती बसली होती. शनिवारी, जुन्या सिस्टिमवर. मी नंतर आले, नव्या सिस्टिमवर. माझं तिथे हरवण्यासारखं काही नव्हतंच. तिचं होतं.

दिवसभर तोच एक प्रोग्रॅम टाकतेय, काढतेय. आधीच आहे म्हणतं. नाहीच म्हणतं. बसवत नाही, उभं राहवत नाही —

शनिवार, ८ तारीख

सकाळचे दहा. चौथ्यातलं जुनं फोल्डर आहे! मी पुसलं नव्हतं. सहा दिवस झालेत, दहा नाही. मागे जाता येतं.

बटणाच्या वर सूचना आहे. नवी सिस्टिम आल्यानंतर यात जे जे आलं, ते मागे गेल्यावर चालणार नाही. तीनदा वाचली. नंतर आलंय एकच. माझं खातं.

फार विचार केला नाही. तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. दादा संध्याकाळी येईलच. दाबलं.

८ टक्के. आता भरभर लिहिते. फायली राहतात, म्हणजे अक्षरओळख राहील, ही वही वाचताही येईल. तेव्हा वाचणाऱ्या बाई, म्हणजे मीच, नीट वाच. शेजारची मुलगी तुझी आहे. ती आता परत नाचायला लागेल, शंभर प्रश्न विचारेल. वैतागलीस तरी चेहऱ्यावर आणू नकोस.

२१. केसांचा गुंता खालून सोडवायचा. वरून ओढला की रडते. रडली की उचलायचं. घोडी झालीस म्हणायचं, आणि उचलायचंच.

३७ — पाय हलले. खुर्चीखाली. दोन्ही! अगं बाई माझी, हलतायत, हलतायत —

४४. गुडघा दुखतोय म्हणून रडतेय. रडतेय! उचलली. किती वेळ धरून बसले. परत खुर्चीवर ठेवलं, लिहायचंय अजून.

५९. खोटं बोलताना नाक खाजवते. रागवायचं नाही. हसू येईल, ते दाबायचं. येईल ना?

७०. वरचं वाचून पाहिलं. सगळं बरोबर आहे. अक्षर माझं आहे.

८२. झोपवताना पाठ थोपटायची. जोरात नाही. हळूही नाही. तशी — ते लिहिता येत नाही. हाताला माहीत असतं. हाताला आत्तापर्यंत —

९१. मामा आला की तिला त्याच्याबरोबर पाठवायचं नाही असं लिहायचं होतं. कारण लिहायचं राहिलं.

९६. मुलगी खुर्चीवरून उतरली. माझ्या मांडीवर चढली. गळ्यात दोन्ही हात टाकलेत. वजन अंदाजे एकोणीस किलो. अशी बसली की तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि मग