विहिरीतला डोक

बा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी एका माशावरून भांडायला बसले आहे.

आपल्या वस्तीच्या विहिरीतला डोक तुला आठवत असेलच. मरळीच्याच जातीचा, पण वीतभरही नाही. सापासारखं चपटं डोकं, अंग शेवाळलेल्या दगडाच्या रंगाचं आणि परांना नारिंगी काठ. पाण्यात डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून तूच तो ओढ्यातून आणून सोडला होतास. कपारीत निपचित पडून राहायचा, आणि बेडकाचं पिल्लू जवळून गेलं की एका झटक्यात गिळायचा. मध्येच वर येऊन हवेचा घोट घ्यायचा, परत खाली. नर आपली पिल्लं तोंडात सांभाळतो, हे तू मला कठड्यावर ओणवं करून दाखवलं होतंस. मला वाटलं, खाल्ली सगळी. मी रडायला लागले आणि तू हसत सुटलास.

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि आपल्याकडे पावसानं पाठ फिरवली होती. मामा तिथे कचेरीत शिपाई लागला होता. त्यानं तुझ्यासाठीही शब्द टाकला, बिऱ्हाड घेऊनच या, असा निरोप पाठवला. मायनं बोचकी बांधली. निघायच्या सकाळी तू आम्हाला विहिरीवर नेलंस. तळाशी चहाच्या रंगाचं डबकं उरलं आहे. धाकटी तुझ्या कडेवर आहे. आपण वाकून बघतोय, बराच वेळ काहीच हलत नाही. मग डोक वर येतो, घोट घेतो.

"त्यो हाय तवर पानी हाय," तू म्हणालास. "इहीर सोडून कुटं जायचं न्हाई."

मायनं बोचकी सोडली. ते पाणी आम्ही फडक्यातून गाळून प्यायलो. उन्हाळ्यात धाकटीला हगवण लागली. कंधारच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती तुझ्या खांद्यावरच गेली. त्यानंतर तू विहिरीकडे फिरकला नाहीस आणि मरेपर्यंत कुणाशी धड बोललाही नाहीस.

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा कळलं, डोक हवेवर जगतो. पाणी आटलं तरी ओल्या चिखलात तग धरून राहतो. त्याच्या वर येण्यावरून पाण्याचं काहीच कळत नाही. तेव्हापासून मी तुझी बाजू घेऊ लागले. बिचाऱ्याला काय ठाऊक, म्हणायचे, आणि मनातून तुला माफ करून टाकलं होतं.

परवा आत्या आली होती. थकलीय आता, जुनंच काढून बसते. म्हणाली, "तुजा बा ल्हानपनी लई डोक आनायचा. वढा आटला की चिखल उकरून काढायचा, जित्ते."

म्हणजे तुला ठाऊक होतं, बा. मग तो मासा आम्हाला कशाला दाखवलास? ती विहीर तू आणि काकांनी हातानं खोदली होती. त्याआधी आजीला गावच्या विहिरीपासून लांब, कुणी पाणी वाढेल म्हणून घागर घेऊन बसावं लागायचं. ती आपली विहीर टाकून तुझा पाय निघत नव्हता, हे मला कळतं. कळून काय करू? धाकटी काही परत येत नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे. आत्याला मी पुढे काही विचारलं नाही. खरं सांगू, तू अडाणी होतास तेच मला बरं होतं.